विरोधी पक्षाच्या खासदाराने लोकसभेत बोलून काही होते का? प्रश्न कोणत्या आयुधाने मांडला, यावर ते ठरते

नाशिक जिल्ह्यातल्या एका कांदा उत्पादकाने विचारले आहे: "आमचे खासदार विरोधी पक्षाचे. आमच्या गटाने त्यांना तीन मागण्यांचे निवेदन दिले. कांदा निर्यातीचे नियम ऐन हंगामात बदलतात ते थांबवा, गावाजवळच्या रेल्वे भुयारी मार्गात पावसाळाभर साचणारे पाणी काढा, आणि शेतीपंपांना दिवसा वीज द्या. ते शून्य प्रहरात बोलले, व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला, पुढे काहीच हलले नाही. विरोधातल्या खासदाराच्या मागे लागण्यात अर्थ आहे का, की सत्ताधारी पक्षातल्या कोणाला गाठावे?"

खासदारांच्या संसदीय कामात मदत करणे हाच माझा व्यवसाय असल्याने जरा तपशिलात लिहितो. तुम्ही पक्षाबद्दल विचारले आहे, पण अडचण बहुधा दुसरीकडे आहे. तुमच्या एका निवेदनात तीन वेगळे विषय आहेत. त्यांतला एक संसदेचा नाहीच, एक तीन-चार मंत्रालयांत विभागलेला आहे आणि एक रेल्वेच्या विभागीय कार्यालयाचा आहे. हे सगळे मिळून ज्या आयुधाने, म्हणजे सभागृहात विषय मांडण्याच्या ज्या पद्धतीने, मांडले गेले, त्याला उत्तर देण्याचे बंधन मंत्र्यावर नसते. सत्ताधारी पक्षाच्या खासदारानेही अशाच रीतीने मांडले असते, तर हाती हेच आले असते.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी आधीच सांगतो. अधिवेशन किती दिवसांचे आहे, सभागृह चालते की रोज तहकूब होते, सोडतीत नाव निघते की नाही, खासदार कोणत्या स्थायी समितीवर (मंत्रालयांचे काम तपासणाऱ्या खासदारांच्या समितीवर) आहेत, त्यांच्या पक्षाला चर्चेत किती मिनिटे मिळतात, या गोष्टींनी बराच फरक पडतो. शेवटचा निर्णय सरकारचाच असतो. विरोधी खासदार मतांच्या जोरावर निर्यातशुल्क बदलू शकत नाही. त्याच्या हातात तीन गोष्टी असतात: सरकारकडची माहिती लेखी काढणे, मंत्र्याचे आश्वासन लेखी घेणे आणि एखादी फाइल ठरावीक तारखेपर्यंत उघडायला लावणे. तुम्ही त्याला जे कागद द्याल ते या तिन्हींसाठी असायला हवेत.

पहिले काम, विषय कोणाचा ते ठरवणे. शेतीपंपांची वीज महावितरणकडून, म्हणजे राज्याच्या कंपनीकडून येते. तो विषय आमदारांनी विधानसभेत मांडायचा. लोकसभेत तो गेला तर "वीज वितरण ही राज्याची जबाबदारी" एवढे एक वाक्य परत येईल. केंद्राच्या सौर कृषिपंप योजनेतून जिल्ह्याला किती पंप मंजूर झाले आणि किती बसले, एवढे मात्र लोकसभेत विचारता येते.

कांद्याचे प्रकरण गुंतागुंतीचे आहे. अलीकडचा क्रम आठवा. १९ ऑगस्ट २०२३ रोजी निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले. ऑक्टोबरअखेर टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आले, म्हणजे त्याहून कमी दराने निर्यात करता येईना. ८ डिसेंबरला थेट बंदी झाली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. ते शुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. यातली बंदी आणि किमान मूल्य हे वाणिज्य मंत्रालयाच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचे आदेश. शुल्क वित्त मंत्रालयाच्या महसूल विभागाचे. भावांवर लक्ष ठेवणे आणि नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत बफर साठ्याची (भाव चढल्यावर बाजारात सोडायच्या राखीव कांद्याची) खरेदी करणे हे ग्राहक व्यवहार विभागाचे. लागवड आणि उत्पादनाचे अंदाज कृषी मंत्रालयाचे. तुमच्या मनात हा सगळा एकच कांदा आहे, पण दिल्लीत त्याच्या चार फायली आहेत. "कांदा म्हणजे शेती" असे समजून प्रश्न कृषी मंत्र्यांना पाठवला, तर लोकसभेचे सचिवालय तो दुसऱ्या मंत्रालयाकडे वळवते. सोमवार ते शुक्रवार प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असल्याने वळवलेला प्रश्न त्या मंत्रालयाच्या पुढच्या वाराला जातो. अधिवेशन संपत आले असेल तर तो तसाच राहून जाऊ शकतो.

आता आयुधांकडे येतो. विधानसभेतली लक्षवेधी आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून लोक खासदारालाही "लक्षवेधी लावा" म्हणतात. लोकसभेत लक्षवेधी आहे, नियम १९७ खाली, पण ती क्वचित लागते. मतदारसंघाच्या कामासाठी रोजची आयुधे तीन: प्रश्न, नियम ३७७ आणि शून्य प्रहर.

शून्य प्रहर नियमावलीत नाही, तो प्रथेने चालतो. प्रश्नोत्तरांचा तास संपून कागदपत्रे पटलावर ठेवली गेली की दुपारी बाराच्या सुमारास तो सुरू होतो. सूचना त्या त्या दिवसापुरतीच असते, नावे सोडतीने लागतात आणि बोलायला दोन-तीन मिनिटे मिळतात. मंत्र्याने उत्तर दिलेच पाहिजे असे नाही. काही मंत्रालये नंतर पत्र पाठवतात, काही पाठवत नाहीत. काल गारपीट झाली, आज रेल्वेचा अपघात झाला, अशा ताज्या विषयासाठी शून्य प्रहर उत्तम. चार वर्षे चाललेल्या दुखण्यासाठी तो वापरला की फक्त व्हिडिओ उरतो.

नियम ३७७ लोकांना कमी माहीत आहे, आणि स्थानिक कामासाठी मला तोच सगळ्यांत भरवशाचा वाटतो. २५० शब्दांपर्यंतचा मजकूर आधी द्यायचा, सचिवालयाने मंजूर केला की सभागृहात जसाच्या तसा वाचायचा. एका सदस्याला आठवड्यात एकच विषय मांडता येतो. संबंधित मंत्र्याकडून साधारण महिनाभरात लेखी उत्तर अपेक्षित असते आणि बहुतेक वेळा ते येते. गोंधळामुळे सभागृह चालत नसेल तरी अध्यक्षांच्या परवानगीने हे मजकूर पटलावर ठेवता येतात, त्यामुळे दिवस वाया जात नाही. तुमचा भुयारी मार्ग इथे बसतो. राज्यसभेत याच जागी विशेष उल्लेख असतो, त्यालाही मर्यादा २५० शब्दांचीच.

भुयारी मार्गाच्या मजकुरात काय हवे ते नीट पाहा, कारण निवेदने इथेच कमी पडतात. "गावाजवळच्या बोगद्यात पाणी साचते" एवढ्यावर भुसावळ विभागाचा अभियंता जागाही शोधू शकत नाही. पुलावर रंगवलेला पूल क्रमांक, जवळच्या खांबावरचा किलोमीटर क्रमांक, हा मार्ग कोणत्या क्रमांकाचे फाटक बंद करून केला, कोणत्या वर्षी सुरू झाला, गेल्या पावसाळ्यात किती दिवस वाहतूक बंद होती, पाणी किती फूट होते, पर्यायी रस्त्याने किती किलोमीटरचा वळसा पडतो, कोणत्या गावांची शाळा आणि दवाखाना पलीकडे आहे, हे सगळे लिहा. तारीख दिसणारे तीन-चार फोटो जोडा. पुढचा मुद्दा त्याहून मोलाचा आहे: पाणी उपसण्याचा पंप, त्याचे वीजबिल आणि नाल्याची सफाई ही जबाबदारी नेमकी कोणाची आहे? रेल्वे जोडरस्त्याकडे बोट दाखवते, सार्वजनिक बांधकाम विभाग रेल्वेच्या हद्दीकडे दाखवतो, ग्रामपंचायत दोघांकडे. म्हणून ३७७ मध्ये "पाणी काढा" एवढेच मागू नका. "या मार्गाच्या जलनिस्सारणाची आणि देखभालीची जबाबदारी कोणत्या यंत्रणेवर आहे हे स्पष्ट करून पावसाळ्यापूर्वी काम पूर्ण करावे" असे मागा. रेल्वेमंत्र्यांच्या सहीने एका यंत्रणेचे नाव कागदावर आले, की पुढचा पाठपुरावा तुम्ही जिल्ह्यातूनही करू शकता. जबाबदारी राज्याची निघाली तरी ते उत्तर फुकट जात नाही. तोच कागद घेऊन आमदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचे.

आता प्रश्न. हे आयुध सर्वांत धारदार आहे आणि सर्वांत जास्त वाया जाते. लोकसभेत दर दिवशी २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात. एका सदस्याला एका दिवसासाठी पाचच सूचना देता येतात, आणि सोडतीत भाग्य उजळले तर त्यांतला एक तारांकित होतो. सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. सोडत पक्ष बघत नाही, त्यामुळे विरोधी सदस्य इथे सत्ताधाऱ्याच्या बरोबरीने उभा असतो. खासदार मंत्री झाला की त्याला प्रश्न विचारता येत नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. मतदारसंघाला मंत्रिपद मिळाले की प्रश्नांचा हक्क जातो.

तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि विचारणाऱ्याला दोन पुरवणी प्रश्न मिळतात. पण तासाभरात यादीतले मोजकेच प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांची लेखी उत्तरे पटलावर येतात. म्हणून "तारांकितच हवा" असा हट्ट धरू नका. आकडे काढायचे असतील तर अतारांकित प्रश्न तितकाच कामाचा असतो. उत्तर त्याच दिवशी संसदेच्या संकेतस्थळावर चढते आणि खासदाराच्या नावाने कोणीही शोधून वाचू शकतो.

प्रश्न पाठवल्यावर आत काय घडते ते समजले की तो कसा लिहायचा हे आपोआप कळते. सूचना मंत्रालयात पोहोचली की ती ज्या कक्षाची असते तिथला अधिकारी फाइल काढतो, क्षेत्रीय कार्यालयांकडून किंवा राज्याकडून माहिती मागवतो, मसुदा करतो आणि तो सहसचिव, सचिव, मंत्री असा वर जातो. ठरलेल्या तारखेला उत्तर सभागृहात जायचे असल्याने हा कागद मागे पडू शकत नाही. विरोधी खासदाराच्या पत्रापेक्षा त्याचा प्रश्न लवकर हलतो, तो याच कारणाने. पण मसुदा करणारा अधिकारी विचारले तेवढेच देतो. ढिला प्रश्न आला की ढिले उत्तर जाते.

उदाहरण घेऊ. "सरकार कांदा उत्पादकांवर अन्याय का करत आहे?" हा प्रश्न दाखलच होणार नाही. प्रश्नात तर्क, निष्कर्ष, उपरोध किंवा आरोप नसावा, मत विचारू नये आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा, असे नियम ४१ सांगतो. मग लोक दुसऱ्या टोकाला जातात: "निर्यात धोरण स्थिर ठेवण्याचा सरकारचा विचार आहे काय, असल्यास तपशील काय, नसल्यास कारणे काय?" हा दाखल होतो, आणि उत्तर येते की धोरणाचा वेळोवेळी आढावा घेतला जातो आणि शेतकरी व ग्राहक या दोघांच्या हिताचा समतोल राखला जातो. किंवा पहिल्या भागाला "नाही" आणि पुढच्या दोन्ही भागांना "प्रश्न उद्भवत नाही". एक संधी गेली.

तोच विषय वाणिज्य मंत्र्यांना असा विचारता येतो:

(अ) १ एप्रिल २०२३ पासून कांद्याच्या निर्यातीवर बंदी, किमान मूल्य किंवा अन्य निर्बंध घालणाऱ्या आणि उठवणाऱ्या अधिसूचना कोणत्या, त्यांच्या तारखांसह;
(ब) प्रत्येक अधिसूचना जारी झाल्यापासून किती दिवसांनी अंमलात आली;
(क) अधिसूचनेच्या वेळी बंदरात किंवा वाटेत असलेल्या मालाला दिलेली सवलत आणि त्याखाली निर्यात झालेले प्रमाण, टनांत;
(ड) नाशवंत शेतमालावर निर्बंध घालण्यापूर्वी किमान पूर्वसूचना देण्याची लेखी कार्यपद्धती अस्तित्वात आहे काय. नसल्यास ती करण्याचा प्रस्ताव आहे काय.

यातला प्रत्येक भाग आकडा, तारीख किंवा "हो-नाही" मागतो. (ड) मध्ये खरी मागणी दडलेली आहे. "निर्यात कधीच थांबवू नका" ही मागणी कोणतेही सरकार मान्य करणार नाही, कारण भाव चढले की शहरांतून दबाव येतो. "किमान इतक्या दिवसांची पूर्वसूचना द्या" ही मागणी मात्र टिकते, आणि ज्याचा माल चाळीत किंवा कंटेनरमध्ये आहे त्याला तिचाच उपयोग होतो. निर्णयाआधी मंत्रिमंडळात काय चर्चा झाली ते मात्र विचारू नका. तो भाग नियमानेच काढून टाकतात.

याच वेळी दुसरा अतारांकित प्रश्न ग्राहक व्यवहार मंत्र्यांना: भाव स्थिरीकरण निधीतून नाशिक जिल्ह्यात वर्षनिहाय किती टन कांदा, किती शेतकऱ्यांकडून, सरासरी कोणत्या भावाने घेतला; त्यातला किती खराब झाला; आणि किती कोणत्या महिन्यात कोणत्या बाजारांत सोडला. २०२४-२५ मध्ये बफरचे लक्ष्य ५ लाख टनांचे होते. जिल्हानिहाय आणि महिनानिहाय विभागणी मागितली नाही, तर उत्तरात देशाचा एकच मोठा आकडा येतो आणि त्यातून तुमच्या बाजार समितीबद्दल काहीही कळत नाही.

पुरवणी प्रश्नांची संधी मिळालीच तर गटाच्या माहितीचा कस तिथे लागतो. मंत्र्याच्या हातात संभाव्य पुरवणी प्रश्नांचे जाड टिपण असते, पण अमुक तारखेची बाजार समितीची हिशेबपट्टी त्यात नसते. बंदीच्या आदल्या दिवशी आणि नंतरच्या दोन दिवसांतल्या तुमच्या तालुक्यातल्या पाच-सहा शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या एका पानावर मांडून द्या. खासदाराने त्यातला एकच फरक वाचावा आणि एकच तारीख मागावी. लांब प्रस्तावना केली की अध्यक्ष मध्येच थांबवतात आणि मंत्र्याला प्रस्तावनेलाच उत्तर देऊन बसता येते.

इथवरचे थोडक्यात: विजेचे पान आमदारांकडे, भुयारी मार्ग ३७७ खाली रेल्वेमंत्र्यांकडे, कांद्याचे दोन प्रश्न दोन मंत्रालयांकडे, आणि शून्य प्रहर ताज्या घटनेसाठी राखून.

उत्तर आल्यानंतरचे काम सहसा कोणी करत नाही, आणि मला सगळ्यांत जास्त तळमळ त्याचीच वाटते. उत्तरात "माहिती गोळा केली जात असून पटलावर ठेवली जाईल", "बाब विचाराधीन आहे", "तपासून पाहू" असे काही आले, तर ते बहुतेक वेळा आश्वासन म्हणून नोंदले जाते. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती त्याचा माग ठेवते. मंत्रालयाने ते तीन महिन्यांत पुरे करायचे असते, जमले नाही तर समितीकडे मुदतवाढ मागावी लागते, आणि समिती अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारू शकते. म्हणजे वरवर टोलवाटोलवी वाटणारे उत्तर तुमच्या कामाचे असू शकते. आपले उत्तर आश्वासनांच्या यादीत आले का, हे खासदारांच्या कार्यालयाला विचारायला लावा. तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. हा पाठपुरावा चालू ठेवायला बहुमत लागत नाही.

उत्तर अपुरे किंवा चुकीचे वाटले तर नियम ५५ खाली अर्धा तास चर्चा मागता येते. सूचना तीन दिवस आधी द्यायची, सोबत कारणांचे टिपण आणि आणखी दोन सदस्यांच्या सह्या. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी कामकाजाच्या शेवटच्या अर्ध्या तासाची जागा तिला ठेवलेली आहे. प्रत्यक्षात ती फार वेळा लागत नाही, पण मंत्र्याने दिलेला आकडा आणि बाजार समितीचा आकडा यांत मोठी तफावत असेल तर सूचना जरूर द्यावी.

बाकीची आयुधे भराभर सांगतो. अर्थसंकल्पी अधिवेशनात अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे मंत्रालयांनी मागितलेल्या खर्चावर, तो कमी करा अशी कपात सूचना देता येते. १०० रुपयांची सांकेतिक कपात विशिष्ट गाऱ्हाणे मांडण्यासाठीच असते. ती मंजूर होत नाही, पण गाऱ्हाणे छापील कागदावर येते. रेल्वेच्या मागण्यांवरील चर्चेत मतदारसंघाची कामे मांडायला भरपूर सदस्यांना संधी मिळते. ११ जुलै २०१९ रोजी त्यासाठी लोकसभा जवळजवळ मध्यरात्रीपर्यंत बसली होती. खासदार संबंधित स्थायी समितीवर असतील तर तुमचे टिपण तिथे द्या. समितीत सचिव समोर बसलेले असतात, कॅमेरे नसतात आणि विरोधी सदस्याचे म्हणणे सभागृहातल्यापेक्षा शांतपणे ऐकले जाते. याचिका समितीकडे थेट तुमच्या सह्यांची याचिका जाऊ शकते, खासदाराने त्यावर सही करून ती सादर करायची. याचिका मराठीत चालते, मात्र सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर तुमच्या सहीने जोडावे लागते. खासदारांना सभागृहात मराठीत बोलायचे असेल तर दुभाष्याची सोय आहे, आधी कळवावे लागते.

खासदाराच्या साध्या पत्रालाही कमी लेखू नका. केंद्र सरकारच्या कार्यालयांना असलेल्या सूचनांनुसार खासदाराच्या पत्राची पोच १५ दिवसांत आणि उत्तर त्यापुढच्या १५ दिवसांत द्यायचे असते. अधिवेशन नसताना हाच मार्ग. पत्राची तारीख आणि क्रमांक जवळ असला की पुढच्या अधिवेशनात "अमुक तारखेच्या पत्रावर काय कार्यवाही झाली" असा नेमका प्रश्न तयार होतो. जिल्ह्यातही एक जागा आहे. केंद्राच्या योजनांचा आढावा घेणाऱ्या "दिशा" समितीचे अध्यक्षपद लोकसभा सदस्याकडे असते, पक्ष कोणताही असो, आणि जिल्हाधिकारी तिचे सदस्य सचिव असतात. बैठक तिमाहीला अपेक्षित आहे. ती झाली नसेल तर खासदारांना तेही विचारा.

आता विरोधी असण्याची खरी किंमत. पक्ष एखाद्या मोठ्या मुद्द्यावर सभागृह रोखतो तेव्हा तुमच्या खासदाराला पक्षासोबत उभे राहावे लागते, आणि त्याच दिवशी सोडतीत लागलेला त्याचा शून्य प्रहराचा विषय बुडतो. प्रश्नांची लेखी उत्तरे गोंधळातही पटलावर येतात, म्हणूनही मी प्रश्नांवर भर देतो. निलंबन झाले तर मात्र सगळेच थांबते. डिसेंबर २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले. निलंबनाच्या काळात त्यांच्या सूचना घेतल्या जाणार नव्हत्या, त्यांच्या नावाचा विषय कामकाजात लागणार नव्हता आणि समित्यांच्या बैठकांनाही बसता येणार नव्हते. त्याच महिन्यात कांदा निर्यातबंदी आली होती, आणि निलंबितांत महाराष्ट्रातले खासदारही होते. मतदाराचा प्रश्न असा मध्येच बंद होणे मला लोकशाहीच्या दृष्टीने गंभीर वाटते. तुमच्यापुरती त्यावर तोड अशी: एकाच खासदारावर विसंबू नका. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ सदस्य आहेत. शेजारच्या कांदापट्ट्यातल्या, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, दोन-तीन सदस्यांना तीच आकडेवारी द्या. सारखे प्रश्न एकत्र जोडले जातात आणि उत्तरावर सगळ्यांची नावे येतात. त्यात सत्ताधारी सदस्य असला तर मंत्रालय ते "विरोधकांचे राजकारण" म्हणून बाजूला ठेवू शकत नाही. तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तरही हेच: दोघांनाही गाठा, पण हातात कागद सारखाच असू द्या.

याला वेळ लागतो. कोकण रेल्वेची मागणी राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी विरोधी बाकांवरून लावून धरली. ते १९७१ मध्ये गेले, त्यांच्यानंतर मधु दंडवते यांनी ती पुढे नेली. महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले आणि संपूर्ण मार्गावर गाडी १९९८ मध्ये धावली. भुयारी मार्गाच्या पाण्याला इतकी वर्षे लागू नयेत, पण एका अधिवेशनात सुटेल असेही धरू नका.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. तुमच्या गटाने याच विषयावर उच्च न्यायालयात याचिका केली असेल तर खासदारांच्या कार्यालयाला आधीच सांगा. न्यायप्रविष्ट बाब म्हणून प्रश्न फेटाळला जातो आणि त्या दिवसाची एक सूचना वाया जाते. आणि प्रश्न लावण्यासाठी कोणी मध्यस्थ पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्यावरून ११ खासदारांची सदस्यत्वे गेली. प्रश्न हा सदस्याचा हक्क आहे, त्याला काहीही मोल द्यावे लागत नाही.

शेवटी वेळापत्रक. पावसाळी अधिवेशन साधारण जुलैच्या उत्तरार्धात सुरू होते. तारखा जाहीर झाल्या की कोणत्या वाराला कोणते मंत्रालय आणि त्या वाराच्या प्रश्नांची शेवटची मुदत कधी, याचा तक्ता सदस्यांना मिळतो. त्याची प्रत कार्यालयातून मागून घ्या आणि तारखा मागे मोजा. १५ दिवसांची मुदत, कार्यालयाला मसुदा करायला आठवडा, आणि हिंदी किंवा इंग्रजी भाषांतराला दोन-तीन दिवस. म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तुमची पाने दिल्लीत काम पाहणाऱ्या सहाय्यकाच्या हातात हवीत, नुसती मतदारसंघातल्या संपर्क कार्यालयात नव्हेत. एका पानावर एकच विषय, वर मंत्रालयाचे नाव, खाली गटातल्या अशा एका माणसाचा फोन नंबर, जो सकाळी नऊ वाजता "पूल क्रमांक पुन्हा सांगा" म्हटल्यावर लगेच सांगू शकेल.